पारोशा नळ्या

ताईने सूड घेतला तो भांडी घासून.

सूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सुरी येते, विष येतं, निदान एखादा निनावी फोन तरी येतो. ताईने ब्रश हातात घेतला. प्रयोगशाळेतल्या आपल्या शेवटच्या दिवशी तिने ओट्यावरच्या सगळ्या काचेच्या नळ्या गोळा केल्या. आधी साबणात घातल्या, मग आम्लात, मग वाफाळत्या पाण्यात. भट्टीत वाळवून अशा ओळीने लावल्या की खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्यावर पडून छतावर नाचायला लागलं. तेवढ्यात सर दारात येऊन उभे राहिले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख आणि ताईच्या आयुष्यातले पहिल्या नंबरचे शत्रू.

"शाब्बास!" सर म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट घासल्यास. हे आधी जमत नव्हतं का गं?"

"आज जमलं, सर," ताई म्हणाली, पर्स खांद्याला अडकवली आणि जिना उतरली. खालच्या पायरीवर तिला हसू फुटलं. ते काही चांगलं हसू नव्हतं.

आता यात सूड कुठे आला, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. यकृत हा मोठा चमत्कारिक अवयव. अर्धं कापून टाकलं तरी ते पुन्हा वाढतं, आणि होतं तेवढं झालं की गुमान थांबतं. (माणसाच्या जिभेलाही अशी थांबायची सोय हवी होती, असं ताईची आई म्हणायची. रोख अर्थातच सरांवर असायचा.) पण त्या यकृताला "वाढ आता" असं सांगतं कोण? कुठलं तरी प्रथिन सांगत असणार. ते प्रथिन शोधून काढायचं, बाकीच्या हजारो प्रथिनांपासून वेगळं करायचं, ते केवढं जड, कशात विरघळतं, उकळल्यावर टिकतं की नासतं, हे सगळं तपासायचं, यात ताईची उमेदीची वर्षं गेली होती.

आणि ते काम म्हणजे काही पुस्तकात दाखवतात तसं पांढऱ्या कोटातलं नाजूक काम नव्हतं. कोकराचं यकृत वाढतं असतं, त्यात हे प्रथिन जास्त. म्हणून सकाळी खाटकाकडे जायचं, बर्फाच्या डब्यात यकृतं घालून आणायची. थंड खोलीत दोन स्वेटर घालून ती मिक्सरमध्ये वाटायची, फडक्यातून गाळायची, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. क्षार टाकून नको ती प्रथिनं तळाला बसवायची. उरलेलं पाणी काचेच्या लांब कॉलममधून थेंब थेंब खाली येऊ द्यायचं आणि एकेक थेंब जपून धरायचा. बादलीभर लगद्यातून शेवटी नळीच्या तळाशी जे उरायचं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नसे. ते खरंच काम करतं का, हे पडताळायला यकृताच्या जिवंत पेशींच्या बशीत ते टाकायचं. पेशी दुणावायला लागल्या की समजायचं, माल अस्सल आहे.

तर या मालाने ताईला आधी रडवलं होतं. लगदा होता तोवर पेशी भराभर वाढायच्या. प्रथिन जसजसं शुद्ध व्हावं तसतशी त्याची ताकद कमी व्हायची, आणि अगदी शुद्ध झालं की बशीत ठार शुकशुकाट. मग एकदा घासलेली नळी हाताशी नव्हती म्हणून तिने नुसती विसळलेली नळी वापरली. आदल्या दिवशी तिच्यात पेशींना घालायचा प्रथिनांचा खुराक ठेवलेला होता. आणि त्या बशीतल्या पेशी अशा वाढल्या की ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोठ्याने हसली.

कारण साधं होतं, पण ते सापडायला असं चुकावं लागतं. प्रथिन गर्दीत असलं की सुखरूप असतं. एकटं पडलं, तेही इतकं थोडं, की ते नळीच्या कोऱ्या काचेला जाऊन चिकटतं, आणि बशीत पडतं ते नुसतं पाणी. काचेवर आधीच दुसरं एखादं साधंसुधं प्रथिन जागा अडवून बसलेलं असलं तर याला चिकटायला जागाच मिळत नाही. तेव्हापासून ताईने आपल्या नळ्या वेगळ्या ठेवल्या. साध्या प्रथिनाच्या पाण्यात बुडवायच्या, नुसत्या पाण्याने एकदा विसळायच्या, बस. साबण नाही, ब्रश नाही.

ती धावत सरांकडे गेली होती. सगळं नीट समजावून सांगितलं होतं. सर खुर्चीत मागे रेलून खो-खो हसले होते.

"म्हणजे इतक्या वर्षांच्या शोधाचं रहस्य काय, तर बाईंनी भांडी घासली नाहीत! पारोशा नळ्या!"

झालं. ते नाव चिकटलं. कुणी पाहुणा आला की सर त्याला थंड खोलीच्या दारातून ताई दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आमची पारोशा नळ्यांची बाई." पाहुणे हसायचे. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण काम पुढे सरकत होतं म्हणून ती गप्प बसली.

मग लेख छापून आला. पहिलं नाव सरांचं. दुसरं नाव सरांच्या भाच्याचं. हा भाचा थंड खोलीत दोनदाच आला होता, त्यातही दुसऱ्यांदा विसरलेला मफलर न्यायला. ताईचं नाव शोधायला शेवटचं पान उलटावं लागलं. आभाराच्या ओळीत ते सापडलं: काचसामानाची देखभाल केल्याबद्दल. आणि नळ्यांची जी दोन वाक्यं तिने लिहून दिली होती ती सरांनी साफ उडवली होती. जगासमोर आपली घाण कशाला?

ताई तरातरा सरांच्या खोलीत गेली.

"सर, माझं नाव?"

"आहे की."

"भांडी घासणारी म्हणून."

"अगं, कुठलंच काम लहान नसतं," सर म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी सांगून टाकलं की तिची नेमणूक पुढे चालू राहणार नाही, नवी मुलगी येणार आहे. "आणि जाताना त्या तुझ्या नळ्या तेवढ्या नीट घासून जा बाई. नव्या पोरीला स्वच्छ सुरुवात करू दे."

ताईने दातओठ खाल्ले. पण क्षणभरच. एकदा तिने सांगितलं होतं, स्वच्छ शब्दांत, समोर उभं राहून. पुन्हा सांगायला ती बांधील नव्हती. सांगितलेलं काम करायला मात्र नक्कीच बांधील होती. म्हणून तिने ब्रश घेतला.

पुढे तिला एका इस्पितळात रक्त तपासायची नोकरी मिळाली. दिवसभर मशीनसमोर बसायचं आणि लोकांच्या यकृताचे आकडे काढायचे. पगार बरा होता आणि कुणी हसत नव्हतं. पण ताईचं लक्ष तिथे कुठे होतं? तिचं लक्ष जुन्या प्रयोगशाळेच्या बातमीकडे लागलेलं असायचं. तिथला भांडारवाला तिला बसस्टॉपवर भेटायचा. "सरांचं काही लागत नाहीये बुवा," तो सांगायचा. "रोज आरडाओरडा. पेशी वाढतच नाहीत म्हणे." ताई चेहरा सुतकी ठेवून "अरेरे" म्हणायची. त्या संध्याकाळी तिला भूक जास्त लागायची.

"आज कुणाचं वाईट झालं?" आई ताटात वाढताना विचारायची.

"कुणाचं नाही गं."

"मग दुसऱ्यांदा भात कसा मागतेस?"

मग एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. आईने दार उघडलं तर बाहेर एक बारकीशी मुलगी उभी. आवाज इतका बारीक की आईला दोनदा विचारावं लागलं. सरांकडची नवी मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणत.

"ताई आहेत का? मला जरा त्यांच्याशी बोलायचंय."

ताईने तिला स्वयंपाकघरात बसवलं, आणि मनातल्या मनात हात चोळले. आली एकदाची! सरांनी पाठवलं असणार. आता ऐकू दे जरा.

"ताई, मी सगळं लेखात लिहिल्याप्रमाणे करते," चिमणी म्हणाली. "शुद्ध होतं. शुद्धता बघायच्या जेलवर पट्टा एकच येतो, अगदी सुईसारखा. पण बशीत टाकलं की काहीच नाही. तुमच्या वेळी कसं होत होतं?"

"मला काय माहीत? मी तर काचसामानवाली."

चिमणी खाली मान घालून बसली. "पुढच्या आठवड्यात औषधांच्या कंपनीच्या एक मोठ्या बाई येणारेत. करार व्हायचाय. सर म्हणतात, त्यांच्यासमोर मी कबूल करायचं की माझ्या निष्काळजीपणामुळे प्रथिन नासतं. म्हणजे सरांच्या लेखावर कुणी बोट ठेवणार नाही. मग मला काढून टाकणार."

"तू कबूल करणार?"

"माझ्याच हातून बिघडत असेल तर? मी खूप काळजी घेते हो. सर म्हणतात नळ्या नीट घासत नाहीस. मी परत परत घासते. आम्लात, साबणात, परत आम्लात." आणि तिने हात टेबलावर ठेवले.

ताईने ते हात पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडेची कातडी सोलवटून लाल झाली होती. दोन बोटांना चिकटपट्टी. पोरगी जितकी जास्त घासत होती तितकी काच जास्त कोरी होत होती, आणि तितकं प्रथिन जास्त चिकटत होतं. सूड सोडला होता सरांवर, आणि सोलून निघाली होती ही.

आईने कपाटातून तुपाची वाटी काढली आणि चिमणीच्या पुढ्यात ठेवली. मग लेकीकडे असं पाहिलं की ताईने नजर दुसरीकडे वळवली. आईला नळ्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. लेक मात्र पुरती कळत होती.

ताईला वाईट वाटलं, हे खरं. पण सरांवरचा राग तसूभरही कमी झाला नाही, उलट आता तो दुणावला. या माणसाने तिच्या तोंडाला पानं पुसली ती पुसली, आता या लेकराच्या डोक्यावर खापर फोडायला निघाला होता.

"ऐक," ती म्हणाली. "उद्यापासून नळ्या घासायच्या नाहीत. पेशींना देतेस ना ते साधं प्रथिन, त्याच्या पाण्यात बुडवून ठेव, एकदा पाण्याने विसळ आणि वापर. ब्रश लावायचा नाही. का, ते विचारू नकोस. आणि सरांना एक अक्षर सांगायचं नाही. त्या बाई आल्या की त्यांच्यासमोरच बशी दाखवायची."

"सरांना का नाही सांगायचं?"

"सांगितलंस तर ते त्यांचं होईल."

चिमणीने मान डोलावली.

त्यानंतर जे झालं ते ताईच्या हिशेबात नव्हतं. खुद्द सरांचा फोन आला. आवाजात गूळ घातलेला.

"कशी आहेस गं? अगं, कंपनीच्या बाई येतायत ना, त्यांनी तुला भेटायचं म्हटलंय. का कुणास ठाऊक. आभारात नाव वाचलं म्हणे. येऊन जा की, चहा घे आमच्याबरोबर. मी काही मनात ठेवलेलं नाहीये हं."

त्याने मनात ठेवलेलं नाही! ताई फोन ठेवून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. रोज बसमध्ये उभ्या उभ्या ती मनाशी भाषण जुळवायची. पहिलं वाक्य असं की सर खुर्चीतून उठतीलच. शेवटचं असं की पुन्हा बसायला त्यांना धीर होणार नाही. आईसमोर तिने ते म्हणूनही दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, पण त्याला बोलू दे आधी, तो स्वतःच पुरेसा आहे.

तो दिवस उजाडला. लांब टेबलाच्या एका टोकाला कंपनीच्या बाई बसल्या होत्या. केस पांढरे, चपला झिजलेल्या, चेहऱ्यावर कसलाही थाट नाही. ताईला त्या बघताक्षणी आवडल्या, कारण त्यांच्या अंगठ्यावर तिच्यासारखाच आम्लाचा जुना डाग होता. चिमणी भिंतीला टेकून उभी. सरांनी घसा साफ केला.

"सुरुवातीलाच एक दिलगिरी. आमच्या या नव्या मुलीकडून हाताळणीत काही चुका—"

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, काचसामान कोण बघायचं?"

"मी," ताई म्हणाली.

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. "तुमच्या लेखातला प्रयोग मी आमच्याकडे करून पाहिला. परत परत. पट्टा उत्तम येतो, प्रथिन मात्र मेलेलं. मग एक दिवस मी आभार वाचायला घेतले. जन्म गेला माझा असले लेख वाचण्यात. काचसामानाचे आभार कुणी मानत नाही. म्हटलं, इथे काहीतरी आहे. काय केलं होतं काचेचं?"

ताईने श्वास घेतला. भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आलं. पण सरांना राहवेना. पाहुण्यांना हसवायची इतकी आयती संधी ते सोडतील कसे?

"अहो, तो एक विनोदच आहे!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. "आमच्या या बाई नळ्या कधी घासायच्याच नाहीत! आम्ही म्हणायचो पारोशा नळ्या. वर मला येऊन सांगायची, सर, न घासलेल्या नळीतच प्रथिन जगतं! मी म्हटलं, बाई, आळसाला इतकं शास्त्रीय कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं!"

ते हसले. एकटेच हसले. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"असं तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो, अगदी इथेच. म्हणून तर जायच्या आधी मी तिच्याकडून सगळ्या घासून घेतल्या. चकाचक!"

"आणि प्रथिन कधीपासून मेलं?"

सरांचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं कसं हे त्यांना सुचेना. कोट्यवधी रुपयांचा करार ज्यांच्याशी व्हायचा त्यांच्यासमोर त्यांनी आपल्या तोंडाने, आपल्या लाडक्या विनोदासकट, स्वतःला चव्हाट्यावर आणलं होतं. ताईने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिचं ते घासूनपुसून तयार केलेलं भाषण तसंच राहिलं, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"मी या आठवड्यात नळ्या घासल्या नाहीत," भिंतीपासून बारीक आवाज आला. चिमणीने सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवली. "बघा."

बाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर पुढे सरसावले, तशा बाई म्हणाल्या, "आधी त्या," आणि ताईला जागा करून दिली.

ताईने डोळा लावला. पेशीच पेशी, दोनाच्या चार, चाराच्या आठ व्हायच्या घाईत. तिचं प्रथिन. इतके दिवस तिनेच मारून ठेवलेलं. डोळे भरून आले तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. ती इथे मजा बघायला आली होती.

जाताना सरांनी तिला जिन्यात गाठलं. चेहरा उतरलेला, पण ताठा तसाच. "तू तेव्हा मला नीट सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, सर. तुम्ही हसलात."

"अगं, मी हसतोच सगळ्यांना," सर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

कंपनीने करार केला तो ताईशी. संस्थेने तिला सरांच्या शेजारचीच प्रयोगशाळा दिली, आणि चिमणीला तिच्या हाताखाली. नवा लेख दोघींनी लिहिला. नळ्यांची वाक्यं ठळकपणे आत घातली. आणि आभाराच्या ओळीत ताईने स्वतः टाइप केलं: काचसामान स्वच्छ घासून घेतल्याबद्दल सरांचे आभार. छापून आल्यावर तिने ती ओळ आईला वाचून दाखवली, मग पुन्हा वाचून दाखवली. इतकं गोड तिला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते पान चिमणीपुढे धरलं. चिमणीने वाचलं. ती हसली नाही.

"ताई, एक विचारू? शेवटच्या दिवशी तुम्ही नळ्या घासल्यात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना काय होणार ते?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. "होतं," ती म्हणाली.

"आणि मी येणार, हेही?"

"कुणीतरी येणार, एवढं माहीत होतं."

"कुणीतरी," चिमणी म्हणाली. तिने हातमोजे काढून बोटांकडे पाहिलं. भेगा भरून आल्या होत्या, पेरांवर तेवढे पांढरे वण राहिले होते. तिने मोजे पुन्हा चढवले आणि ती थंड खोलीत निघून गेली. रागावली नाही, रडली नाही, पुढेही ताईशी कधी वाकडं बोलली नाही.

फक्त नंतरच्या सोमवारी ताईला एक नळी हवी होती, तर ओट्यावर एकही दिसेना. चिमणीने आपल्या सगळ्या नळ्या खणात ठेवल्या होत्या आणि खणाला छोटंसं नवं कुलूप लावलं होतं. ताईने ते एकदा हलवून पाहिलं. पक्कं होतं. पलीकडे चिमणी कॉलममधून पडणारे थेंब धरत होती, तिच्याकडे पाठ करून. किल्ली मागायला ताईला तोंड नव्हतं.